डागाला आधी नाव, मग ट्यूब: वांग, कोड की शिबं हे ओळखून उपचार कसे सुरू करायचे

संध्याकाळी सात-साडेसातला दुकानात गर्दी असते, बीपीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, सगळं एकदम चालू असतं, आणि त्या गर्दीत एखाद्या वहिनी पदर गालावर ओढून कोपऱ्यात उभ्या राहतात, सगळे गेले की पुढं येतात आणि हळूच म्हणतात, "दादा, ती वांगाची ट्यूब द्या की, आमच्या शेजारणीला गुण आला तीच." माझं कोल्हापुरात गंगावेशीच्या अंगाला मेडिकल आहे, २२ वर्षं झाली काउंटरला उभा राहून, आणि असं आठवड्यातून दोन-तीनदा तरी होतं.

खरं सांगतो, सुरुवातीची कितीतरी वर्षं मी पण ती ट्यूब देत होतो. सगळेच देत होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या बायकोच्या दोन्ही गालांवर वांग आलं तेव्हा दुकानातलीच एक ट्यूब मी घरी नेली, पंधरा दिवसांत गाल उजळले, ती पण खूश आणि मी पण खूश. चार महिन्यांनी गालावर लाल बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, गॅससमोर उभी राहिली तरी चेहऱ्याची आग व्हायची, आणि ट्यूब बंद केली की दोन दिवसांत चेहरा टोमॅटोसारखा लाल. त्यातून बाहेर पडायला दीड वर्ष गेलं. ट्यूबमध्ये तीन औषधं होती, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, यातलं शेवटचं स्टेरॉइड. ती ट्यूब वाईट होती असं नाही. कुणी तपासलं नव्हतं आणि कधी थांबवायची ते कुणी सांगितलं नव्हतं, तिथं चूक झाली. आणि ते सांगायचं काम माझं होतं, म्हणून हे लिहायला बसलोय.

ज्यांच्या अंगावर किंवा घरात कुणाच्या नवीन डाग आलाय, काळा असो नाहीतर पांढरा, आणि कुठून सुरुवात करायची कळत नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

पहिली पायरी: नवीन काही लावू नका, जुनं सगळं पिशवीत भरा

डाग दिसला की पहिल्या आठवड्यात माणूस काय काय लावतो ते बघितलं तर डोकं गरगरतं. लिंबू, टूथपेस्ट, बावचीचं तेल, कुणाच्या तरी आत्याने दिलेलं लेप, नायट्याची ट्यूब, मुलाच्या रॅशची ट्यूब. आणि मग डॉक्टरकडं जातात तेव्हा मूळ डाग कसा होता तेच कळत नाही, स्टेरॉइड लावलेला नायटा नायट्यासारखा दिसत नाही, भाजलेलं कोड कोडासारखं दिसत नाही.

म्हणून नवीन काही नको. आणि आजपर्यंत जे लावलं ते सगळं, रिकाम्या ट्यूबा, डबीवर नाव नसलेली क्रीम, आयुर्वेदिक बाटली, सगळं एका पिशवीत घाला, ती पिशवी डॉक्टरसमोर ठेवायची आहे. ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामिथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव असलं तर ते स्टेरॉइड समजा. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी अजून मिळतात हे मला तुम्हाला सांगायला नको. फक्त एक लक्षात ठेवा, चेहऱ्यावर असलं क्रीम महिनोन्‌महिने लावत असाल तर एका दिवसात झटकन बंद करू नका, चेहरा भडकतो, ते कसं उतरवायचं हे डॉक्टर सांगतात.

डबीवर नाव-गाव काही नसलेली गोरं करायची क्रीम बाजारात मिळतात, त्यातल्या काहींत पारा सापडलाय. पारा कातडीतून आत जातो आणि किडनी खराब करतो. अशी डबी घरात असेल आणि चेहरा किंवा पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल तर डागाचं नंतर बघा, आधी लघवी तपासून घ्या.

दुसरी पायरी: उजेडात बसून स्वतः नीट बघा

सकाळी खिडकीपाशी बसा, थेट ऊन नको, ट्यूबलाइट नको. मोबाइलने फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून म्हणजे डाग अंगावर कुठं आहे ते कळेल असा, ब्यूटी मोड बंद करून. हा पहिला फोटो फार कामाचा आहे, कारण रंगाचे आजार इतके सावकाश हलतात की रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळतच नाही, आणि मग "काही उपयोग नाही" म्हणून अर्ध्यात औषध सोडतात.

मग ह्या गोष्टी वहीत लिहा. डाग पूर्ण पांढरा आहे, खडूसारखा, की नुसता फिकट आहे? कड रेघ मारल्यासारखी स्पष्ट आहे की हळूहळू मिसळत जाते? नखाने हलकं खरवडलं तर कोंडा पडतो का? खाज येते का? डागातले केस काळे आहेत की पांढरे? कधी आला, त्याआधी तिथं काही लागलं होतं का, भाजलं होतं का, पिंपल होतं का? घरात कुणाला थायरॉइड, शुगर, कोड? कुठली गोळी सुरू आहे, गर्भनिरोधक गोळी धरून?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, संवेदना. डोळे मिटून बसायचं, दुसऱ्याने कापसाची वात डागावर आणि डागाबाहेर आळीपाळीने टेकवायची आणि तुम्ही बोटाने जागा दाखवायची. डागावर टेकवलेलं कळत नसेल किंवा कमी कळत असेल तर एक दिवस पण थांबू नका, का ते पुढं सांगतो.

तिसरी पायरी: पांढरा डाग असेल तर

आपल्याकडं पांढरा डाग दिसला की घरात कुणीतरी हळू आवाजात "कोड" म्हणतं आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. पण दुकानात मला दाखवलेल्या पांढऱ्या डागांतले बरेचसे कोड नव्हते.

लहान मुलांच्या गालावर फिकट, कोरडे, गोल चट्टे येतात, हिवाळ्यात जरा जास्त, आणि आज्जी म्हणते जंत झालेत, आई म्हणते कॅल्शियम कमी पडलं. दोन्ही नाही. ती कोरडी, नाजूक कातडी असते, साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा लावायचं, साबण कमी करायचा, उन्हाळ्यात आजूबाजूचा चेहरा रापला की तेच डाग जास्त उठून दिसतात त्याला घाबरायचं नाही, काही महिन्यांत जातात.

छाती, पाठ, खांदा, मान यावर बारीक बारीक फिकट ठिपके, एकमेकांत मिसळलेले, खरवडले की कोंडा, घाम आला की थोडी खाज, ती शिबं. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट असतं, ते सगळ्यांच्याच कातडीवर राहतं, घाम आणि तेल मिळालं की माजतं. त्यामुळं ते दुसऱ्याकडून लागलं असं म्हणायची गरज नाही. तालमीतल्या पोरांना हे खूप, अंगाला तेल, वर घाम, वर माती. उपाय सोपा असतो, २ टक्के केटोकोनॅझोल शॅम्पू ओल्या अंगाला लावून पाच मिनिटं ठेवून धुवायचा, किती दिवस ते डॉक्टर सांगतील, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि मग लोक परत परत ट्यूब मागायला येतात: यीस्ट मेलं तरी रंग लगेच येत नाही, काही महिने जातात. कोंडा पडायचा थांबला म्हणजे औषधाने काम केलं, पांढरेपणा नंतर भरतो.

आता कापसाच्या वातीचं. फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर घाम येत नाही, केस विरळ, आणि स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची शंका घ्यायची. नाव ऐकून घाबरू नका, उशीर करायला घाबरा. एमडीटी नावाची गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने घ्यायची, आणि वेळेत सुरू केलं तर हाताची बोटं वाकडी होणं वगैरे बहुतेक वेळा टळतं. उपचार सुरू झाल्यावर माणूस घरात सगळ्यांबरोबर राहू शकतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणारी कलमं संसदेने २०१९ साली काढून टाकली, घरच्यांच्या डोक्यातून कधी निघणार ते बघायचं.

कोड वेगळं दिसतं. दुधासारखा किंवा खडूसारखा पूर्ण पांढरा, कोंडा नाही, खाज बहुतेक नाही, स्पर्श एकदम व्यवस्थित कळतो. बोटांची टोकं, ओठ, डोळ्याभोवती, गुडघे, कोपर, घोटे, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखं. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. ते हात लावल्याने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, मासे खाऊन दूध प्यायल्याने होत नाही. आणि आपल्या गावात तर लोक कोड असलेल्या माणसाचा पांढरा रस्सा बंद करतात, पांढरं खाल्लं की पांढरं वाढतं म्हणे! दही बंद, लिंबू बंद, पोरगं आधीच मनाने खचलेलं आणि त्याच्या ताटातलं आवडीचं पण काढून घेतात. खाऊ द्या त्याला.

आणखी एक, टिकली. कपाळाच्या बरोबर मधोमध टिकलीएवढाच पांढरा गोल झालेल्या काकू तुम्ही पण बघितल्या असतील. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल असतं, ते रंगाच्या पेशी मारतं. रबरी स्लीपरच्या पट्ट्याखाली पायावर व्हीच्या आकाराचा पांढरा पट्टा उमटतो तो पण अशाच रसायनाने. वस्तू बंद करणं हाच पहिला उपचार, लवकर बंद केली तर रंग परत यायची शक्यता जास्त. पण एखाद्या काकूंना कपाळ मोकळं ठेवा म्हणणं सोपं नाही, आमच्या गल्लीतल्या एक काकू आता आयब्रो पेन्सिलने बारीक टिंब काढतात, डागापासून जरा वर, आणि समाधानी आहेत.

चौथी पायरी: काळा डाग असेल तर

इथं प्रकार जास्त आहेत, मी पटकन सांगतो, वांगावर मात्र थांबतो.

मान, काख काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल तर घासू नका, तो मळ नाही. बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही त्याची ती खूण असते, उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर, तपासा, वजन उतरलं की मान आपोआप उजळायला लागते, क्रीमचा नंबर फार नंतर. पाठीवर, दंडावर जाळीसारखा, लाटांसारखा काळपटपणा असेल तर अंघोळीला काय वापरता ते बघा, नायलॉनची घासणी आणि दगड वर्षानुवर्षं घासून हे होतं आणि काळं झालं म्हणून माणूस अजून घासतो. घासणी आजच फेकून द्या. हाताच्या बोटांचे सांधे वरून काळे पडले, सोबत जीभ सोलल्यासारखी, थकवा, मुंग्या, तर बी १२ तपासा. चिकनगुन्या झाल्यावर नाकावर काळेपणा येतो तो हळूहळू जातो. लिंबू किंवा मोसंबी पिळून हात न धुता उन्हात गेलात तर ओघळ पडल्यासारखे काळे पट्टे येतात, म्हणून लिंबू चेहऱ्याला चोळू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

एक प्रकार मेडिकलवाल्याला जास्त कळतो. ओठावर नाहीतर हातावर एक गोल, जांभळट काळा डाग, दर दोन-चार महिन्यांनी बरोबर त्याच जागी लाल होतो, आग होते, मग अजून काळा होतो. विचारा, आदल्या दिवशी कुठली गोळी घेतली होती? अंगदुखीची, जुलाबाची, सल्फाची. ते औषधाचं रिअॅक्शन आहे. गोळीचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा, परत परत तीच गोळी गेली तर पुढं रिअॅक्शन मोठी होऊ शकते.

आणि हे वाचून घ्याच: तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली नवीन काळा डाग किंवा पट्टा, वाढतोय, कड वेडीवाकडी, रंग एकसारखा नाही, रक्त येतं, तर ट्यूबचा विषयच नाही, त्याच आठवड्यात दाखवा. क्वचित असतं, पण ते कॅन्सरचं असू शकतं. तसंच सगळं अंगच काळवंडत चाललंय, हिरड्या आणि हाताच्या रेषा काळ्या पडल्यात, वजन उतरतंय, चक्कर येते, तर फिजिशियनकडं जा, हार्मोनचा आजार असू शकतो.

वांग म्हणजे गाल, कपाळ, नाक, वरचा ओठ यावर तपकिरी नकाशे, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे. ऊन, हार्मोन आणि घराण्याची प्रवृत्ती हे तिघं मिळून करतात. गरोदरपणात येतं, गर्भनिरोधक गोळीने वाढतं, बाळंतपणानंतर काहींचं आपोआप फिकट होतं. पोट साफ नसल्याने होतं, रक्त बिघडल्याने होतं हे सोडून द्या. पुरुषांना पण होतं, उन्हात बाइकवर फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांना मी बघतोय. पिंपल फोडून राहिलेले डाग, गुऱ्हाळावर काकवी उडून भाजलेले डाग, वॅक्सिंगनंतरचे डाग हे वांग नाही, ते जखमेनंतरचे काळे डाग, आधी पिंपल थांबवायचे, मग डाग.

पाचवी पायरी: कुणाकडं जायचं आणि तिथं काय होतं

त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस नंतर एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल असं काहीतरी त्वचेतलं शिक्षण झालेला. पार्लर, लेझर सेंटर, "स्किन क्लिनिक" असा नुसता बोर्ड, याने फसू नका, पाटीवर डिग्री वाचा, विचारायला लाजू नका. पैशाची अडचण असेल तर सीपीआरला जा, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, केसपेपर काढायचा, त्वचारोग विभागाच्या ओपीडीत बसायचं, सकाळी लवकर गेलेलं बरं. जाताना पिशवी, वही आणि फोटो. चेहऱ्याला पावडर, मेकअप काही लावून जाऊ नका, नखांना नेलपॉलिश नको.

तिथं काय होतं ते माझ्या भाच्याच्या बाबतीत मी डोळ्याने बघितलं. सतरा वर्षांचा पोरगा, तालमीत जातो, छातीवर पांढरे ठिपके आले आणि उजव्या कोपरावर आणि गुडघ्यावर रुपयाएवढे पांढरे गोल. तालमीत कुणी शिबं म्हटलं, कुणी कोड म्हटलं, ताई रात्री फोनवर रडत होती, पोराचं पुढं कसं व्हायचं म्हणून. डॉक्टरांनी आम्हाला एका छोट्या खोलीत नेलं, दार लावलं, लाइट बंद केली आणि हातातला जांभळा दिवा लावला, वूड्स लॅम्प म्हणतात त्याला, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. छातीवरचे ठिपके पिवळट सोनेरी दिसायला लागले. मग दिवा कोपरावर नेला, आणि तो गोल एकदम निळसर पांढरा पेटला, चुन्याचा ठिपका अंधारात चमकावा तसा, आणि त्याच्या शेजारी अजून एक छोटा होता जो आम्हाला उजेडात दिसलाच नव्हता. "मामा, हे दोन वेगळे हायत," पोरगंच म्हणालं. छातीवर शिबं, कोपरावर कोड. तालमीतले दोघं पण बरोबर आणि दोघं पण चूक. आम्ही छातीची ट्यूब कोपराला लावत बसलो असतो तर वर्ष वाया गेलं असतं.

बाकी तपासण्या साध्या असतात. डर्मोस्कोप म्हणजे भिंग लावून बघतात. कोंडा खरवडून काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, दुखत नाही. शंका राहिली तर बायोप्सी, ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा, भूल देऊन, एखाद-दुसरा टाका. कोड असेल तर थायरॉइड तपासायला सांगतात कारण दोन्ही बऱ्याचदा जोडीने असतात.

तुम्ही बाहेर पडायच्या आधी तीन प्रश्न विचारा: ह्या आजाराचं नाव काय, हे क्रीम किती आठवडे आणि कधी थांबवायचं, परत कधी दाखवायचं. नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठीवर आजाराचं नाव नसलं की पुढच्या वेळी पेशंट माझ्याकडं येतो आणि म्हणतो "तीच ट्यूब द्या", आणि मला पण कळत नाही ती कशासाठी होती.

सहावी पायरी: वांगाचा उपचार, आणि त्यात अर्धा उपचार सनस्क्रीनचा

लोक महागाची क्रीम घेतात आणि सनस्क्रीन म्हटलं की "आम्ही घरातच असतो हो." खिडकीच्या काचेतून यूव्हीए, म्हणजे उन्हातला एक अतिनील प्रकाश, आत येतो. आणि वांगाच्या बाबतीत नुसता दिसणारा उजेड पण काळेपणा वाढवतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत, टिंटेड म्हणतात ते सनस्क्रीन वांगाला जास्त चांगलं. एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए तीन प्लस किंवा जास्त. मापाचं सांगतो, तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहरा आणि मानेला. हरभऱ्याएवढं लावून उपयोग नाही. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. स्कार्फ बांधता ते चांगलंच आहे, पण विरळ विणीचा असेल तर ऊन आत येतं, स्कार्फच्या आत पण सनस्क्रीन हवं. शेतात, मंडईत बसणाऱ्या मावशींना दर तीन तासांनी सनस्क्रीन परवडत नाही हे मला कळतं, त्यांनी रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पुढं ओढलेला जाड सुती पदर, आणि सकाळी एकदा तरी सनस्क्रीन, एवढं करा. चुलीची धग पण वांगाला बरी नाही.

औषधात तीन औषधांचं ते क्रीम, हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन ०.०१ टक्के, हे खरंच चालतं, पण रात्री, फक्त डागावर, साधारण ८ ते १२ आठवडे, आणि डॉक्टर बघत असताना. माझ्या घरात जे झालं ते अशाच जातीच्या क्रीमने झालं, फक्त महिने मोजायला कुणी नव्हतं. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर काळा पक्का डाग बसतो, तो काढणं जवळजवळ अशक्य. तीन औषधांचं ते क्रीम थांबवलं की अॅझेलिक अॅसिड, कोजिक अॅसिड अशी सौम्य क्रीम आलेला गुण टिकवायला देतात. गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल तर आधी सांगा, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन तेव्हा नको, अॅझेलिक अॅसिड सहसा चालतं. ट्रानेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या पण देतात, त्या रक्त गोठायला मदत करतात, म्हणजे पायात गाठ झालेली, पक्षाघात झालेला, गर्भनिरोधक गोळी घेणारी, यांनी स्वतःच्या मनाने अजिबात नाही. लेझर आणि केमिकल पील करायचंच तर सगळ्यात शेवटी, आपल्या सावळ्या कातडीवर जरा जास्त झालं की डाग दुप्पट काळा होऊन परत येतो.

वांग जातं आणि परत येतं. बाईंना हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, म्हणजे उन्हाळ्यात परत दिसलं की त्या खचत नाहीत आणि तीच जुनी ट्यूब शोधत नाहीत.

सातवी पायरी: कोडाचा उपचार

पहिला प्रश्न, पसरतंय की थांबलंय. पसरत असेल तर आधी थांबवायचं, त्यासाठी थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, त्या पण बऱ्याचदा आठवड्यातून दोनच दिवस, डॉक्टर ठरवतात. छोट्या डागांवर स्टेरॉइड क्रीम ठरावीक आठवडे, चेहरा, पापणी, मान अशा नाजूक जागी टॅक्रोलिमस मलम, ते लावल्यावर सुरुवातीला चुणचुण होते, त्याने घाबरून सोडू नका. अमेरिकेत २०२२ साली रुक्सोलिटिनिब नावाचं क्रीम कोडासाठी मंजूर झालं, त्याच जातीची औषधं इकडचे डॉक्टर पण काहींना देतात.

मोठा उपचार म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी, ३११ नॅनोमीटरचा प्रकाश. आठवड्यातून दोन-तीनदा, काळा चष्मा घालून, पुरुषांनी गुप्तांग झाकून, मशीनसमोर उभं राहायचं, सुरुवातीला काही सेकंद, मग हळूहळू वाढवत. डाग हलका गुलाबी व्हायला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी उतरायला पाहिजे, तसाच लाल राहिला, दुखला, फोड आला तर पुढच्या वेळी उभं राहायच्या आधी सांगा. दोन-तीन महिने काहीच दिसत नाही, आणि इथंच लोक सोडतात. गडहिंग्लजहून, गारगोटीहून एसटीने आठवड्यातून दोनदा येणं म्हणजे हजेरी बुडते, पैसे जातात, मला ते कळतं, पण निदान सहा महिने दिल्याशिवाय फेल गेलं असं म्हणू नका. डॉक्टरांना विचारा, काहींना घरी वापरायचं छोटं मशीन पण चालतं. बावचीचं तेल लावून उन्हात बसणं हा पण प्रकाशाच्या उपचाराचाच एक गावठी प्रकार, पण मात्रा मोजता येत नाही, आणि फोडांनी भरलेले पाय मी किती बघितलेत.

चेहरा लवकर भरतो, बोटांची टोकं आणि ओठ हट्टी असतात. रंग केसाच्या मुळातून परत येतो, म्हणून डागातले केस काळे असतील तर आशा जास्त. वर्षभर डाग हलला नाही आणि औषधाने पण भरला नाही तर कातडीचं किंवा रंगाच्या पेशींचं रोपण करतात. पांढऱ्या डागाला रापण्याचं संरक्षण नसतं, त्यावर सनस्क्रीन हवंच. आणि काहीच करायचं नाही, डाग आहे तसा राहू दे, असं कुणी ठरवलं तर तो पण त्यांचा निर्णय आहे, नातेवाइकांनी लग्नाच्या नावाखाली मागं लागू नये.

भाच्याचं अवघड होतं, कारण जिथं घासतं, खरचटतं तिथं नवीन कोड उठतं, आणि कुस्तीत कोपर-गुडघे घासणारच. ताई म्हणाली तालीम बंद. डॉक्टरांनी पोरालाच विचारलं तुला काय वाटतं, तो म्हणाला कुस्ती सोडली तर डाग जाऊन काय करू. मग ठरलं, सराव चालू, कोपराला-गुडघ्याला कापडी पट्टी, खरचटलं की लगेच धुवून मलम, आणि सोमवार-गुरुवार लाइट. छातीची शिबं दीड महिन्यात मेली, रंग भरायला पावसाळा उलटला. कोपराचं काही हलेना, फोटो काढ, फोटो काढ म्हणून मीच मागं लागलो होतो.

पाचव्या महिन्यात एका रविवारी दुकानात आला, काउंटरवर गुडघा टेकवला आणि म्हणाला, "मामा, भिंग हाय का?" पांढऱ्या गोलाच्या आत, प्रत्येक केसाच्या बुडाशी, मोहरीपेक्षा बारीक तपकिरी ठिपका. अकरा मोजले आम्ही.